पाठीवरची माती

पुष्कळ वर्षांपासून मला एक व्यसन आहे, आणि माझ्या वयाच्या व व्यवसायाच्या गृहस्थाला तें शोभतें असें माझ्या घरांतील कोणासही वाटत नाहीं. चैत्र उजाडला कीं सोलापूरच्या आसपासच्या गांवांतून जत्रा भरूं लागतात. पहिल्या दिवशीं देवाला नैवेद्य, रात्रीं पालखी व छबिना, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं कुस्त्यांचा फड, हा क्रम पुष्कळ ठिकाणीं ठरलेला. तासांतून व परीक्षांतून सवड मिळाली कीं मी एक जाड कागदाची वही, चार-पांच मऊ पेन्सिली आणि पाण्याची बाटली पिशवींत घालून एस्. टी. नें त्या गांवीं जातों, मैदानाच्या कडेला मातींत बसतों, आणि कुस्त्या पाहतां पाहतां त्यांचीं चित्रें काढतों. चित्रकलेचें माझें शिक्षण शाळेंत असतांना दिलेल्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या दोन सरकारी परीक्षांपलीकडे गेलेलें नाहीं. आणि कुस्तीचें शिक्षण तर लहानपणीं एका उन्हाळ्यांत तालमींत जाऊन काढलेल्या जोर-बैठकांपाशींच थांबलें. तेव्हां दोन्ही विद्यांच्या दृष्टीनें मी बाहेरचाच. परंतु बाहेर बसून पाहणें हीदेखील एक कृति आहे, आणि इतर कृतींप्रमाणें तिच्यांतही बरें-वाईट असूं शकतें, ही गोष्ट मला फार उशिरां कळली.

ज्या वाचकांनीं कुस्ती केवळ दूरदर्शनवर पाहिली असेल त्यांना जत्रेच्या फडाची कल्पना येणार नाहीं. गादीवरच्या कुस्तींत घड्याळ असतें, गुण असतात. अमुक इतक्या गुणांनीं हरलों असें म्हणून मल्लाला घरीं जातां येतें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले तें गादीवरच्या कुस्तीचें. आणि १९६१ पासून दिल्या जाणाऱ्या 'महाराष्ट्र केसरी' किताबासाठींही आतां मातीवरचा व गादीवरचा असे दोन विभाग असतात. पण गांवच्या फडांत जुन्या रीतीप्रमाणें प्रश्न एकच : पाठ लागली कीं नाहीं? लागली तर हरला. नाहीं लागली, आणि दोघांची दमछाक पंचांना पाहवेनाशी झाली, तर कुस्ती बरोबरींत सोडवावयाची. १९१२ सालीं शाहू महाराजांच्या कारकीर्दींत कोल्हापुरास खासबाग मैदान तयार झालें, तेव्हां आखाडा मध्यें खालीं आणि लोक भोंवतीं चढत्या उतारावर, अशी रचना करण्यांत आली. शेवटच्या रांगेंतल्या माणसासही टेकलेली पाठ दिसावी! आमच्याकडील गांवांत असा थाट कोठून असणार? नांगरून, ढेंकळें फोडून भुसभुशीत केलेलें एक वावर, त्याभोंवतीं माणसांचें कडें, मागें ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर उभीं राहिलेलीं पोरें, आणि एका कोपऱ्यांत हलगी. सकाळीं पंच जोडी लावतात. आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या, रेवड्यांवरच्या व नारळावरच्या कुस्त्यांनीं फड सुरू होतो आणि ऊन कलतां कलतां हजारांच्या इनामाच्या कुस्त्यांवर येतो. तोंपर्यंत हलगीवाल्याच्या हाताला गति आलेली असते आणि माझ्या वहीचीं वीसएक पानें खराब झालेलीं असतात.

खराब झालेलीं असें मी जाणूनबुजून म्हणतों. झुंजणाऱ्या दोन देहांचें चित्र काढणें ही जवळजवळ अशक्य गोष्ट आहे. शड्डू ठोकून सलामी होते, दोघे एकमेकांच्या मानेवर हात टाकून कपाळाला कपाळ लावतात, तेथपर्यंत पेन्सिल कशीबशी पोंचते. मग एकाएकीं एकजण खालीं वांकून दुसऱ्याचा पट काढतो, दुसरा पाय मागें फेंकतो, घिस्सा बसतो, सुटतो, आणि मी खालीं कागदाकडे पाहून पुन्हां वर पाहीपर्यंत मघांचे दोन पाय कोणाचे होते हेंच समजेनासें होतें. डोळा आणि हात ह्यांच्यामध्यें जो अर्ध्या क्षणाचा ओढा आहे तो ओलांडतांना डाव निसटतो. हातीं लागतें तें काय? जें स्थिर असतें तें. फेट्याच्या शेवाशीं चाळा करणारे पंच, हलगीवाल्याची वांकलेली मान, मांडीवर नातू घेऊन बसलेले म्हातारे. आणि फडाच्या मध्यभागीं स्थिर असा एकच माणूस असतो : जो हरला तो. जिंकणारा उड्या मारीत धांवतो, त्याला कोणीतरी खांद्यावर घेतो, त्याचें तोंड क्षणभरही एका दिशेला राहत नाहीं. हरलेला मात्र चार-सहा श्वास तसाच पडून राहतो. आपल्या भाषेंत हरविण्याला 'आस्मान दाखविणें' म्हणतात. त्या सबंध गर्दींत आभाळाकडे पाहणारा तेवढाच एक असतो.

अशा रीतीनें माझ्या वह्या हरलेल्या माणसांनीं भरत गेल्या. एकदां महाविद्यालयांतील कांहीं सहकाऱ्यांनीं त्या चाळल्या आणि मराठीच्या एका प्राध्यापकांनीं माझी फार स्तुति केली. जगानें विजेत्यांचे पुतळे उभारले, तुम्ही मात्र पराभूतांकडे पाहिलें, ही खरी करुणा, असें ते म्हणाले. मीं मान खालीं घातली. पण ती विनयानें घातली असें त्यांना वाटूं दिलें. वस्तुस्थिति अशी होती कीं हरलेली माणसें हलत नाहींत म्हणून मला तीं सोपीं जात. माझ्या करुणेचें मूळ माझ्या हाताच्या मंदपणांत होतें. सद्गुण म्हणून मिरविलेल्या किती गोष्टींचें मूळ असेंच एखाद्या सोयींत असेल हा प्रश्न तेव्हांच मनांत यावयास हवा होता. तो आला नाहीं. स्तुति गोड असते.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. सीनेकांठचें एक गांव. अखेरच्या कुस्तीच्या आधींची कुस्ती होती. एका बाजूस कोल्हापूरच्या तालमींत तयार झालेला, नांव मिळविलेला मल्ल. दुसऱ्या बाजूस शेजारच्याच वाडीवरचा वीस-एकवीस वर्षांचा पोरगा. गर्दी अर्थातच पोराच्या बाजूची. दहा मिनिटें गेलीं, पंधरा गेलीं. मध्यें एकदां त्या पोरानें समोरच्याला खालीं घेतलें तेव्हां जो आवाज उठला त्यानें शेजारच्या लिंबावरचे कावळे उडाले. मी तो क्षण चुकविला. मी पेन्सिलीला टोंक करीत होतों. पुढें पांचएक मिनिटांनीं कोल्हापूरच्या मल्लानें ढाक मारली आणि पोरगा उताणा पडला. एक हात बाजूला पसरलेला, दुसरा कोपरांत वांकवून डोळ्यांवर घेतलेला, छाती भात्यासारखी वरखालीं होत असलेली. माझ्या हातून त्या दिवशीं कधीं न उतरलेल्या रेषा उतरल्या. खांदा जेथें मातीला टेकतो तेथें अंगाचें वजन कसें पसरतें, हें मला इतकीं वर्षें साधलें नव्हतें तें साधलें. त्यानंतर तो कुशीवर वळून उठला. त्याच्या घामानें थबथबलेल्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत मातीचा लेप बसला होता, तोही मीं पानाच्या कोपऱ्यांत टिपून घेतला. त्याचे वस्ताद पुढें आले, त्यांनीं उपरण्यानें त्याची पाठ पुसली, आणि दोघे गर्दींत मिसळून गेले.

फड उलगल्यावर चहाच्या टपरीपाशीं पोरांनीं माझ्याभोंवतीं गराडा घातला. वही हातोहात फिरूं लागली. तेवढ्यांत ते वस्ताद तेथें आले. सत्तरीचे असावेत, कान दुमडलेले, मान अजून खांबासारखी. त्यांनीं तें पान बराच वेळ पाहिलें.

"सर, चित्र लई झ्याक उतरलंय," ते म्हणाले. "पर एक इचारू का? त्येच्या पाठीची माती म्या पुसली. तुमी ती ठिवून घेतली."

ह्या बोलण्यांत राग मुळींच नव्हता. म्हणूनच त्याला उत्तर देतां येईना. तो पोरगाही मागें उभा होता. त्यानें वही हातांत घेतली, चित्राकडे निरखून पाहिलें आणि विचारलें, "त्येच्या आदी म्या पट काढून त्येला खाली घेतला हुता. त्ये न्हाई काढलं?"

"तें फार चटकन झालें," मीं म्हटलें.

"मग! कुस्ती तीच हुती की."

मीं तें पान फाडून त्याला देऊं केलें. तो हंसला आणि त्यानें मान हलविली. "घरी न्हिऊन काय करू, सर? आई बघंल."

एस्. टी. ची वाट पाहत बसलों असतां ग्रीक कवि पिंडार ह्याची मला आठवण झाली; इंग्रजीच्या प्राध्यापकाला अशा वेळीं पुस्तकच आठवावें ह्याचा कांहीं इलाज नाहीं. त्यानें विजयी मल्लांवर स्तोत्रें रचलीं. इ. स. पूर्वीं ४४६ सालच्या सुमारास एजिना बेटावरच्या अरिस्टोमिनिस नांवाच्या तरुण कुस्तीगिरावर त्यानें जें स्तोत्र लिहिलें त्यांत त्यानें हरविलेल्या चौघांचाही उल्लेख आहे. ते मागच्या गल्लीबोळांतून, शत्रूंची नजर चुकवीत घरीं जातात, आणि घरीं त्यांच्या आया त्यांना पाहून हंसत नाहींत, अशा अर्थाचें कवीनें तेथें म्हटलें आहे. अडीच हजार वर्षें झालीं. सीनेकांठच्या पोरालाही पहिल्यांदा आईच आठवली. पण ह्या दोन गोष्टींत एक भेद आहे. पिंडारनें त्या चौघांचीं नांवें सांगितलीं नाहींत. स्तुतीच्या भरांतही त्यानें त्यांना गल्लींतून निसटूं दिलें. मीं माझ्या पोराला निसटूं दिलें नव्हतें.

आमच्या महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकविणारे एक स्नेही आहेत. त्यांना मीं ही हकीकत सांगितली तेव्हां त्यांनीं ती भावनावशतेचा प्रकार म्हणून निकालांत काढली. त्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. जो चारचौघांत लांग कसून मातींत उतरतो, त्यानें आपल्याला लोकांनीं पाहावें ह्याला संमति दिलेलीच असते. जिंकलों तरच पाहा, अशी अट त्याला घालतां येत नाहीं. शिवाय आजकाल मैदानांत शंभर मोबाइल वर झालेले असतात; त्यांतून तीच पडलेली पाठ संध्याकाळच्या आंत तालुकाभर जाते. तेथें तुमच्या पेन्सिलीची काय मातब्बरी?

मोबाइलचा मुद्दा मला पटला नाहीं. दुसरे शंभर जण एखादी गोष्ट करतात ह्यानें ती करण्याचा माझा अधिकार वाढत नाहीं. उलट, यंत्र जें समोर येतें तें घेतें आणि त्यांत निदान पट आणि ढाक दोन्ही येतात. मी मात्र वीस मिनिटांतून एक क्षण निवडला होता. यंत्राला जी सबब सांगतां येते ती मला सांगतां येत नाहीं. पण संमतीचा मुद्दा तितका सोपा नाहीं. त्या पोरानें संमति दिली होती ही गोष्ट खरी, परंतु कोणाला? जे दोन तास उन्हांत मातींत बसले, ज्यांनीं त्याचा शड्डू ऐकला, त्यानें पट काढला तेव्हां जे ओरडले, आणि मग तो पडला तेव्हां जे हळहळले, त्यांना. त्यांच्या डोळ्यांत त्याचा पराभव एका सबंध कुस्तीचा शेवट म्हणून होता. माझी वही पाहणाऱ्याला कुस्ती दिसतच नाहीं. त्याला एक पडलेला माणूस दिसतो. मीं जें दाखविलें त्यांत खोटें कांहींच नव्हतें. तरी सत्याचा एक तुकडा तोडून तेवढाच पुढें केला तर तो त्या माणसावर अन्याय होऊं शकतो. न्यायालयांत साक्षीदाराकडून 'संपूर्ण सत्य' सांगण्याची शपथ घेतात ती कांहीं उगीच नव्हे.

माझे स्नेही ह्यावर म्हणाले, "मग जगांत कोणी दुःखाचें चित्रच काढूं नये कीं काय?" ह्याला माझ्यापाशीं पुरतें उत्तर नाहीं, आणि तें नाहीं हें मीं त्यांच्यापाशीं कबूलही केलें. विल्यम हॅझ्लिट हा इंग्रजी निबंधकार मला फार प्रिय आहे. तोही मूळचा चित्रकारच. चार्ल्स लॅम्बचें त्यानें १८०४ सालीं रंगविलेलें चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरींत आहे. १८२१ च्या डिसेंबरांत तो लंडनहून साठएक मैलांवर एक मुष्टियुद्ध पाहावयास गेला, आणि त्यावरचा त्याचा निबंध पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झाला. त्यांत हिकमन नांवाचा मुष्टियोद्धा हरतो. घाव बसून कोसळण्याच्या बेतांत असलेला त्याचा चेहरा हॅझ्लिटनें असा रंगविला आहे कीं तो जिवंत माणसाचा वाटूं नये. हिकमन पुढच्याच डिसेंबरांत गाडीच्या अपघातांत मेला. त्यानें आधीं जिंकलेल्या लढती आज कोणाच्या खिजगणतींत आहेत? पण त्या निबंधांत तो गेलीं दोनशें वर्षें हरतोच आहे. मी तो निबंध कितीतरी वर्षें वर्गांत शिकविला आहे, त्यांतील शब्दांची निवड वाखाणली आहे. हिकमनचें कोणी असेल, हा विचार मला एकदांही शिवला नाहीं. आणि एवढें होऊनही तो निबंध लिहिला नसता तर बरें झालें असतें असें माझ्यानें म्हणवत नाहीं. येथें माझी बुद्धि दोन्ही बाजूंनीं ओढली जाते.

आपल्याकडे पाहणाऱ्याच्या ह्या अवस्थेला 'तटस्थ' असा एक सुंदर शब्द आहे. तटावर उभा असलेला, पाण्यांत नसलेला. रसचर्चेंत भट्टनायकाचें एक मत अभिनवगुप्तानें नोंदविलें आहे : रसाची प्रतीति तटस्थपणें, परक्याची म्हणून होत नाहीं, आणि स्वतःचीही म्हणून होत नाहीं. विद्यार्थिदशेंत मला ह्या मताचें फार आकर्षण होतें. वाटे, चित्र काढणाऱ्याची भूमिका हीच. पण भट्टनायकाचा प्रेक्षक नाट्यगृहांत बसलेला आहे. तेथें दुर्योधनाची मांडी मोडते ती नटाची मोडत नाहीं. अंक संपल्यावर तो उठून मुखलेप पुसतो. फडांतला पोरगा नट नव्हता. त्याच्याकडे मीं रसिकाच्या डोळ्यांनीं पाहिलें आणि तसें पाहण्याची किंमत मात्र त्यानें भरली.

ती सीना पुढें कुडलपाशीं भीमेला मिळते. तेथील हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरांत तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा एक लेख आहे. मराठीच्या अगदीं जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. जो हें वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचें आशीर्वचन त्यांत कोरलेलें आहे. मी तें पाहावयास गेलों होतों तेव्हां मनांतून सुखावलों होतों. वाचण्यावरच उपजीविका करणाऱ्या माणसाला ह्याहून अधिक काय हवें? आतां तें वचन आठवलें कीं थोडें ओशाळल्यासारखें होतें. वाचणारा विजयी होतो, कारण तो कधीं मातींत उतरतच नाहीं. तीस वर्षें मी फडाच्या कडेला बसलों. एवढ्या काळांत शेंकडों माणसें हरलेलीं पाहिलीं, आणि मी स्वतः एकदांही हरलों नाहीं.

आणि एक गोष्ट सांगावयाची राहिली. ती मीं माझ्या स्नेह्यांनाही सांगितली नाहीं. तो पोरगा पडला आणि माझी पेन्सिल खांद्याच्या त्या रेषेवरून उतरूं लागली, तेव्हां मला अत्यंत आनंद होत होता. आणि तो हात डोळ्यांवरून काढूं लागलेला पाहतांच माझ्या मनांत स्पष्ट शब्दांत विचार आला कीं, ह्यानें आणखी थोडा वेळ असेंच पडून राहावें. भोंवतीं बसलेल्या सगळ्या लोकांत, कोल्हापूरच्या मल्लाच्या पाठीराख्यांतसुद्धां, त्यानें उठूं नये असें वाटणारा मी एकटाच असेन.

तें पान मीं फाडलें नाहीं. फाडून माझें मन हलकें झालें असतें, त्याला त्याचा कांहींच उपयोग नव्हता. मात्र तें कोणास दाखवीत नाहीं. त्यानंतरचें एक वर्ष मी पट काढण्याची चित्रें काढण्याच्या मागें लागलों. शहरांतल्या एका तालमींत संध्याकाळीं जाऊन बसूं लागलों. तेथील मुलें माझ्यासाठीं तोच डाव चार-चार वेळां हळू करून दाखवीत, आणि हळू केला कीं तो डावच राहत नसे. एक सबंध वही गेली. पाय नेहमीं एकतरी अधिक निघे किंवा एक कमी.

गेल्या चैत्रांत मी पुन्हां त्याच गांवीं गेलों. तो पोरगा आला होता. आतां मिशी राखली आहे. त्याची जोड बार्शीकडच्या एका मल्लाशीं लागली होती. ह्या वेळीं मीं पेन्सिलींना घरूनच टोंकें करून आणलीं होतीं. बरोबर मध्यावर त्यानें पट काढला, आणि मीं कागदाकडे न पाहतां, हात जाईल तिकडे जाऊं देऊन, जें उमटेल तें उमटूं दिलें. कुस्ती अर्धा तास चालली व बरोबरींत सुटली. दोघांच्याही पाठी कोरड्या. टपरीपाशीं तो आपण होऊन आला आणि त्यानें वही मागितली. पानावर एक वांकलेली पाठ होती, एक निसटता खांदा, आणि मातींतून वर फेंकले गेलेले तीन पाय.

"हां, ह्ये बराबर," तो म्हणाला. मग त्यानें वही थोडी तिरपी धरली आणि एका पायावर बोट ठेवलें. "पर सर, ह्यो कुनाचा?"

तें मलाही सांगतां आलें नाहीं.